कुमारवयीन वाचकांना भीतीदायक रहस्यकादंबऱ्या इतक्या का आवडतात?

माझ्या मते, अशा कादंबरीत मुलाची भीती खोटी ठरवली जात नाही, तर तिचा तपास केला जातो, हे यामागचे मुख्य कारण आहे. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी पाहा. इंग्लंडमधील डार्टमूरचा ओसाड माळ, धुके, दलदल, घराण्याला लागलेला शाप आणि मृतदेहाजवळ उमटलेले अजस्र कुत्र्याचे ठसे यांमुळे वाचक भुतावर जवळजवळ विश्वास ठेवू लागतो. परंतु गुप्तहेर शेरलॉक होम्स पुरावाच मागत राहतो, आणि हॉटेलातून चोरीला गेलेला नवा बूट परत मिळतो, पण जुना मात्र नाहीसाच राहतो, एवढ्या क्षुल्लक बाबीवरून कुत्रा खराखुरा असल्याचे ओळखतो; कारण माणसाचा वास वापरलेल्या बुटालाच असतो, आणि वासाची गरज खऱ्या कुत्र्यालाच असते. (हा तपशील दुसऱ्या वाचनात अधिकच सुंदर वाटतो.)

घरी बहुधा ‘भूत नसते, झोप आता’ एवढ्यावरच ज्याची बोळवण होते, त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला येथे घाबरण्याची मुभा आणि विचार करण्याचे साधन, दोन्ही मिळतात. म्हणून रात्री असे पुस्तक हातात दिसल्यास ते काढून घेऊ नये; शेवटचे प्रकरण त्याला वाचू द्यावे.