‘लोसातूष’ का सुटलं नाही?

प्रश्न : मी सोलापुरात सहावीला शिकवते. स्नेहसंमेलनात अक्षरबदलाची दोन कोडी फळ्यावर लिहिली. पहिलं ‘लोसातूष’. दुसऱ्यात प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतलं पुढचं व्यंजन घातलं, शेवटच्या ळ च्या जागी क : ‘थक्राछ्रा यनोयन हिध्नेष्शलाछं धेऊक आळे’. पहिलं एकालाही सुटलं नाही, दुसरं एका मुलीनं दहा मिनिटांत सोडवलं. मला वाटलं होतं नेमकं उलट होईल. पुढच्या वेळी मात्राही बदलू का? – एक शिक्षिका

उत्तर : मात्रांना हात लावू नका, ताई. मुलांना धरायला तेवढंच असतं.

‘लोसातूष’ म्हणजे आपलं सोलापूर, हे मला उमगलं ते तुम्ही मूलदेवीय जोड्या वापरल्यात म्हणून. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखन, ही एक कला. कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेत तिच्यासाठी या जोड्या दिल्या आहेत. स आणि ल, प आणि त, र आणि ष एकमेकांच्या जागी जातात. मुलांना जोड्या ठाऊक नव्हत्या आणि शब्दात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. ‘ू’ बघून एखाद्याला ‘पूर’ सुचलंही असेल, पण ते बरोबर की चूक हे पडताळायला दुसरा शब्द कुठे आहे? गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली इंग्रजीपुरता हिशेब मांडला होता : साधारण तीस अक्षरं हाती आली की बहुधा एकच उत्तर उरतं. तुम्ही चार दिलीत.

आता त्या मुलीची वाट पाहा. मी कागद घेऊन स्वतः चाललो. शेवटचा शब्द ‘आळे’. मराठी वाक्याच्या शेवटी तो ‘आहे’च असणार. मग ‘यनोयन’. हा साचा ‘खरोखर’चा किंवा ‘मधोमध’चा. मधोमध धरलं तर न म्हणजे ध. मग ‘हिध्ने’मधल्या न ला, म्हणजे खऱ्या ध ला, आधी अर्धं अक्षर जोडलेलं दिसतं, आणि मराठीत ध च्या आधी पुष्कळदा अर्धा द येतो. ‘_िद्धे’ एवढं दिसल्यावर सोलापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. कोड्यातला ध म्हणजे द हे कळलं की ‘धेऊक’ म्हणजे देऊन किंवा देऊळ, सिद्धेश्वराशेजारी देऊळच. तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ आहे. खरोखर धरून चाललं असतं तर ‘हिध्नेष्शलाछं’पाशीच गाडी अडली असती, कारण न म्हणजे र ठरला की ल म्हणजे पुन्हा र होऊ शकत नाही, आणि ‘श्वरा’ जुळत नाही. पोरीनं हे दहा मिनिटांत केलं, तिचं माझ्याकडून कौतुक सांगा.

ही गोडी मला वडिलांच्या चादरीच्या दुकानात लागली. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर ते खरेदीभाव अक्षरांत लिहीत. दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द, पहिलं अक्षर १, दहावं ०. सुट्टीत गठ्ठे मोजताना माझ्या लक्षात आलं की बहुतेक चिठ्ठ्यांच्या शेवटी दोनच अक्षरं फिरून फिरून येतात. भाव शून्यावर किंवा पाचावर संपतात! तिथून उरलेला शब्द जुळवायला मला आठवडा लागला. वडिलांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, त्यांनी शब्द बदलला.

तुमचं कोडं थोडं अवघड करायचं तर सरळ पुढचं अक्षर घेऊ नका. एक सापडलं की सगळी सापडतात. ‘सिद्धरामेश्वर’ची व्यंजनं घ्या, पुन्हा आलेलं गाळा : स, द, ध, र, म, श, व. ती क, ख, ग, घ, ङ, च, छ यांच्याखाली मांडा, मग उरलेली व्यंजनं क पासून ओळीनं. वाक्य ‘आहे’नं संपवू नका, पण किमान दोन वाक्यं द्या. आणि फळ्यावर लिहिण्याआधी किल्ली न दाखवता घरच्या कुणाकडून तरी सोडवून घ्या; तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत असतं, त्यामुळे अडचण कुठे आहे ते दिसत नाही.