२६५ विरुद्ध १३० : जग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११

प्रश्न : १९६५च्या जग्वार ई-टाइप ४.२ आणि पोर्शे ९११ यांची माहितीपत्रके शेजारी ठेवली. एकीत २६५ अश्वशक्ती, दुसरीत १३०. तरी लोक या दोघींची तुलना का करतात? आणि सांभाळायला सोपी कोणती?

उत्तर : आधी दोन्ही आकडे एका मापात आणा. जग्वारचे २६५ हे 'ग्रॉस' पद्धतीचे : एअर फिल्टर, पंखा, गाडीचा स्वतःचा सायलेन्सर, सगळे उतरवून उघड्या इंजिनावर मोजलेले. पोर्शेचे १३० जर्मन 'डीआयएन' पद्धतीचे, सगळा संसार अंगावर असताना मोजलेले. जग्वारमधून साधारण पाचवा हिस्सा वजा करा. २१०च्या आसपास उरतात. आता वजन. ९११ भरते १,०८० किलो, ई-टाइप सव्वा टनाच्या घरात. म्हणजे टनामागे जग्वार १६८, पोर्शे १२०. दुपटीचा फरक दीडपटीच्याही खाली आला.

तरीही सरळ रस्त्यावर जग्वारच पुढे : ताशी २४० किलोमीटरच्या जवळपास, ९११ची धाव २१०पर्यंत. खरी गंमत इंजिनाच्या स्वभावात आहे. जग्वारच्या ४,२३५ सीसी इंजिनात पिस्टनचा स्ट्रोक (वरखाली धावण्याचे अंतर) १०६ मिमी, पोर्शेच्या १,९९१ सीसी इंजिनात फक्त ६६. त्यामुळे मिनिटाला ५,४०० फेऱ्यांवर जग्वारचा पिस्टन सेकंदाला सरासरी १९ मीटर धावतो. पोर्शेचा ६,१०० फेऱ्यांवरही साडेतेराच्या आत. जग्वार पिळू नये, आणि ३८४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असताना पिळायची गरजही नाही. चौथ्या गिअरमध्ये आरामात ओढते. ९११कडे टॉर्क १७४, म्हणून पाचही गिअर सतत हलवावे लागतात. वळणात मात्र ९११च्या ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढू नका : इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने शेपूट बाहेर फेकली जाते. १९६९च्या मॉडेलपासून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) ५७ मिमीने वाढवला तो याचसाठी.

सांभाळण्यात पोर्शे सोपी, पण टायमिंग चेनचे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीचे) टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारे भाग, तपासूनच. थंड इंजिन सुरू केल्यावर मागून येणारी खडखड थांबली नाही, तर गाडी चालवू नका. चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. जग्वारचे मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून आहेत. ब्रेकची उष्णता तिथल्या ऑइल सीलला भाजते, सील गळते, तेल डिस्कवर येते. नुसते पॅड बदलून भागत नाही, आणि सील-डिस्कच्या कामाला मागचा अख्खा पिंजरा (डिफरन्शियल आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा) खाली उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर त्याचे चारही रबर माउंट त्याच वेळी बदला. क्लचप्लेटसाठी तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर.

प्रश्न : ९११चे ऑइल रोज सकाळी कमी दिसते. गळती कुठेच नाही.

उत्तर : गळती नाहीच. हे ड्राय संप इंजिन आहे. सुमारे ९ लिटर ऑइलचा मोठा भाग उजव्या मागच्या चाकाजवळच्या टाकीत असतो आणि गाडी उभी राहिली की हळूहळू इंजिनात झिरपतो. म्हणून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, सपाट जागी, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवूनच ऑइल मोजायची दांडी बघायची. सकाळच्या मापावर विसंबून भर घातली, तर गरम झाल्यावर जादा ऑइल ब्रीदरमधून (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जाते आणि मागे निळा धूर निघतो. मग लोक पिस्टन रिंगांना दोष देतात आणि उगाच इंजिन उघडतात.