धारेची शंका : स्क्रेपर

प्रश्न : हातस्क्रेपरला (लाकूड तासायची पातळ पोलादी पट्टी) कानस मारली, गुळगुळीत टणक सळईने जोर लावून कडही वळवली. तरी सालपट निघत नाही, नुसता भुगा पडतो. कुठं चुकतंय?

उत्तर : बहुतेक वेळा दोष धारेच्या दगडावर कड घासण्याच्या पायरीत असतो. कानस कड चौकोनी करते, पण तिच्या दातांच्या खाचा कडेवर राहतात. त्यावरच सळई फिरवली तर वळलेली आकडीही (कडेची कापणारी बारीक धार) दातेरी होते आणि लाकूड कापायचं सोडून ओरबाडते.

बारीक दाताच्या कानशीने कड सरळ आणि काटकोनात करा. मग स्क्रेपर चौकोनी ठोकळ्याला टेकवून, न डुलवता, 1000 ग्रिटच्या (बारीक कणाच्या) दगडावर कड घासा. नंतर दोन्ही सपाट बाजू कडेलगत घासा. ही पायरी हमखास गाळली जाते आणि कानशीने आलेली जुनी बर (कडेला लोंबणारा पोलादाचा पापुद्रा) तशीच राहते. कोपरा उजेडात धरा. चमकती रेघ दिसली तर तिथे अजून धार आलेली नाही, सळईला हात लावू नका.

आता सळईला तेलाचा थेंब. स्क्रेपर टेबलावर आडवा ठेवून सपाट बाजूवर सळईचे चार-पाच हात मारा. मग उभा धरून कडेवर आधी काटकोनात एक-दोन हात आणि शेवटचे दोन 5 अंश कलवून. लोणी पसरताना जेवढा दाब देतो, त्याहून थोडाच जास्त द्या. जोर वाढला की आकडी आतल्या बाजूला गुंडाळते आणि लाकडाला लागण्यासाठी स्क्रेपर फारच पुढे झुकवावा लागतो. बोट कडेवर आडवं, बाहेरच्या दिशेने सरकवा, बारीकसं अडकल्याचं जाणवलं की झालं. कडेच्या लांबीने बोट फिरवू नका, कापेल.

सळई स्क्रेपरपेक्षा टणक हवी. तिच्यावर ओरखडे उठत असतील तर ती बदला.

प्रश्न : व्हायोलिनच्या स्प्रूसच्या (एक सूचिपर्णी लाकूड) पाटीवर स्क्रेपरने उंचसखल पट्टे उठतात. का?

उत्तर : स्प्रूसमध्ये मऊ आणि कठीण वर्षवलयं आलटून पालटून येतात. मोठी आकडी मऊ भाग कापण्याऐवजी दाबते. दाब सुटल्यावर, ओलाव्याने तर अधिकच, तो पुन्हा वर येतो. इथे 0.4 ते 0.5 मिलिमीटर जाडीचा पातळ स्क्रेपर घ्या. कडेला एकाच बाजूने 45 अंशांचा उतार देऊन दगडावर नीट पाजळा. आकडी अगदी नावापुरती वळवा किंवा वळवूच नका. स्क्रेपर तंतूंना थोडा तिरका धरा. टोकाचे कोपरे गोल करा, नाहीतर एक खोल ओरखडा सगळी पाटी बिघडवतो.

प्रश्न : धार गेली की दर वेळी कानस लागते का?

उत्तर : नाही. सपाट बाजूवर सळई फिरवून कड पुन्हा वळवा. असं तीन-चार वेळा चालतं. पुढे कडेचं पोलाद वारंवार वाकून ठिसूळ होतं आणि आकडीचे बारीक तुकडे पडतात. मग मात्र कानशीपासून सुरुवात.