पणजोबांची पत्रं छापण्याआधी

प्रिय बेटा,
सप्रेम जय भीम.

दुसऱ्या महायुद्धात पणजोबांनी पलटणीतून घरी लिहिलेली, तू टाइप करून पाठवलेली पत्रं वाचली. मेहनत दिसते. पण तू त्यांना फार सुधारलंस. 'मी खुशाल आहे' प्रत्येक पत्रात येतं म्हणून काढून टाकलंस, बैल, सावकार, मनिऑर्डर हे सगळं घरगुती म्हणून गाळलंस, आणि जिथे जरा लढाईचा वास आला तिथे उद्गारचिन्हं पेरलीस.

तो माणूस कोणाच्या देखत लिहीत होता ते आधी ध्यानात घे. पत्र पलटणीतून निघण्याआधी अधिकारी वाचायचा; मुक्कामाचं किंवा तुकडीचं नाव दिसलं की त्यावर शाई फिरायची. इकडे गावात ते वाचून दाखवायला चार बुकं शिकलेला कोणीतरी बोलवावा लागे, आणि ऐकायला अर्धी वस्ती ओट्यावर. अशा पत्रात माणूस भीती लिहीत नाही. बायकोला तर नावानेही विचारत नाही. थोरल्या भावाला लिहितो आणि शेवटी 'घरातल्या लहानथोरांस नमस्कार' म्हणतो. तुझी पणजी त्या 'लहानथोरांत' आहे. ती ओळही तू कापलीस!

पावसाळ्यातलं ते पेन्सिलीचं पत्र पुन्हा काढ. मधल्या दोन ओळी काळ्या केलेल्या आहेत. त्यांच्या खाली लिहिलंय, "इकडे धान लय आहे, आपल्या भंडाऱ्याकडल्यावाणी. जळवा पायाले लागतात. पांढऱ्याचा खूर बरा झाला काय? पोळ्याले त्याच्या शिंगाले रंग लावजा, पण मिरवू नका." वाचणाऱ्या साहेबाला भंडारा काय माहीत! भावाला मात्र कळलं असणार की पोरगा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखातून पार चिखलाच्या, भातशेतीच्या मुलखात जाऊन पडलाय. आणि तो खूर घरगुती कसा? हंगामात बैल उभा राहिला नाही तर वावर पडीक, आणि वावर पडीक म्हणजे त्याची मनिऑर्डर सरळ सावकाराच्या घरात. सगळ्या पत्रांत मला तरी सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीत दिसली. 'पायाले'चं 'पायाला' तू केलंस, तेही परत कर.

'रामराम'चं 'जय भीम' केलंस, त्यामागची भावना कळते. पण मूळ कागदांचे फोटो तूच पाठवलेस, ते नीट बघ. १९४३च्या पत्रांना वर 'रामराम' आहे, १९४५च्या पत्रांना 'जय भीम'. हे अभिवादन आपल्याकडे रुजवणारे बाबू हरदास नागपूरजवळच्या कामठीचेच, ते १९३९ साली गेले. मधल्या दोन वर्षांत पलटणीत तुझे पणजोबा कोणासोबत बसले, काय ऐकलं, हे सांगणारा दुसरा कागद घरात नाही. होता तो पुरावा तू एका झटक्यात सारखा करून टाकलास.

प्रस्तावनेत तू विचारतेस की ते इंग्रजांच्या फौजेत का गेले. विचारायलाच हवं. पण उत्तर एका वाक्यात उरकू नकोस. त्या लढाईत हिंदी फौज सुमारे पंचवीस लाखांवर गेली आणि सगळी स्वेच्छेने भरती झालेली, हे खरं. पण स्वेच्छा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात वर्षाचा दाणा नाही त्याला विचारावं. आपल्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट होती. महारांची भरती इंग्रजांनीच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. १९१७ ला १११वी महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. मग १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन, आणि १९४२ ला दुसरी, आपल्या कामठीला. बाबासाहेब त्यासाठी भांडले होते, भरती व्हा असं सांगतही होते. बंद दार उघडलं तेव्हा पोरं आत शिरली.

त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'च्या चळवळीत आपल्या विदर्भातली चिमूर आणि आष्टी पेटली होती. पत्रांत त्याचा एक शब्द नाही. शाईच्या भीतीने नाही, की मनातच नाही, की बातमीच पोचली नाही, कोण सांगणार? त्यांच्या वतीने तू उत्तर देऊ नकोस. दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती हे लिही, पण पत्रात नसलेली चकमक घालू नकोस. तुझ्या काकांना शौर्यगाथा हवी आहे, मला माहीत आहे. त्यांना चहा पाज आणि दुसऱ्या विषयावर बोल.

आता कामाचं. पत्रं लॅमिनेट करायचं कोणी सुचवलं असेल तर त्याला दारातूनच परत पाठव, चिकटपट्टीसुद्धा नको. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी, पाकिटासकट फोटो घे. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि शिक्का आहे, तो पत्राइतकाच मोलाचा. कोणत्या तारखेला कोणता नंबर कुठे होता याच्या याद्या टपालाचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी केल्या आहेत; ठावठिकाणा त्यातून लागेल. पणजोबांचा शिपाई नंबर सापडला तर मध्य प्रदेशातल्या सागरला, रेजिमेंटच्या केंद्राकडे, साधा अर्ज कर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोकही अर्ज लिहायला मदत करतील.

आणि आजीला विचारणं लांबणीवर टाकू नकोस. 'तुझे वडील कसे होते' असं विचारलंस तर ती 'चांगले होते' म्हणेल आणि भाजी निवडत राहील. पांढऱ्या बैलाचं विचार, मनिऑर्डर घेऊन कोण यायचं ते विचार. मोबाईल चालू ठेव, मध्ये बोलू नकोस.

ती दोन मोडीतली पत्रं वेगळी ठेव. अक्षर पणजोबांचं दिसत नाही, पलटणीतल्या कोणा जोडीदाराकडून लिहवून घेतली असावीत. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये, माझ्या चष्म्याचा नंबर तोवर बदलून घेतो.

तुझा,
सर