लालबाग-परळची मराठी माणसं गेली कुठे?

मुंबईतलं लालबाग-परळ एकेकाळी सगळं मराठी होतं, मग १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंच ती वस्ती उठली का, असं तुम्ही विचारलंय. माझा जन्म तिथल्या चाळीतला, वडील कापड गिरणीत बदली कामगार, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हा काम मिळणारे. संपानं माणसांची मिळकत गेली हे खरं, पण वस्ती एका संपानं उठली नाही.

मुळात 'सगळं मराठी' हेही अर्धंच खरं. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६च्या सुमारास ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा ते वरळी धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून माणसं आली, तसे तेलुगू पद्मशाली आणि उत्तरेकडचे मुसलमान विणकरही आले. आमच्या आजोबांच्या वेळी खोली म्हणजे गावकीची खोली. एकाच गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची, जेवण खाणावळवाल्या बाईकडे, बायकापोरं गावाला. मुंबईत पोट भरायचं आणि म्हातारपणी गावी परतायचं, हाच हिशोब. कायमची वस्ती अशी ती नव्हतीच.

आणि आमच्यात भेद नव्हते असं कुणी सांगितलं तर मला राग येतो. मागावरचा धागा तुटला की तो धोट्यातून (आडवा धागा नेणाऱ्या नळीतून) तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण कामगार दलितांना विणाई खात्यात येऊच देत नसत. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बावीस वर्षं राहिले होते.

कुटुंबं आली ती हळूहळू, आणि मग दहा बाय बाराची खोली पुरेना. दोन मुलांची लग्नं झाली की एकाला बाहेर पडावंच लागे. आमच्या मजल्यावरचं पहिलं बिऱ्हाड संपाच्या पाच वर्षं आधीच डोंबिवलीला गेलं. हे कुणी सांगत नाही.

संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांना पुन्हा कामावर घेतलं नाही. त्यांनी भाजी विकली, मग रात्रीचा पहारा केला. आईनं डबे सुरू केले. तरीही आम्ही खोली सोडली नाही.

खोली सुटली ती जमिनीमुळे. १९९१च्या नियमानं बंद गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची सगळी मालकाची. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. माझ्या मते संपापेक्षा मोठा घाव हा होता. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, टॉवर आले. बिल्डर लोअर परळला 'अपर वरळी' म्हणू लागले. खोल्यांचे भाव चढले, आणि कर्ज डोक्यावर असलेल्या घरांनी पागडीची, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन कायम भाड्यानं घेतलेली, खोली विकली, मालकाचा वाटा दिला आणि उरलेल्या पैशांत लांबच्या उपनगरात दोन खोल्या घेतल्या. आमचंही तसंच झालं.

सगळेच गेले असं नाही. काहींच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि ते तिथेच राहिले, पण मेंटेनन्स भरताना त्यांचीही ओढाताण होते. जे गेले त्यांतले कितीतरी जण अजून जुन्या मंडळाची वर्गणी भरतात आणि गणपतीत रात्रभर तिथेच असतात.

एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाल्याच्या बाजारात जा. डंकावर वर्षाचा मसाला कुटून घ्यायला रांगेत बसलेल्या बायकांना विचारा, कुठून आलात? डोंबिवली, विरार, बदलापूर, पनवेल. माझी आईही त्यात असते, सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली.