जमिनीवरच्या लढाऊ विमानाला हूक लावलं की ते विमानवाहू नौकेवर चालेल का?

"चाकं मजबूत करायची आणि मागे हूक लावायचं, एवढंच ना?" असं तुम्ही विचारलंय. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो आणि विमान अलगद टेकवतो. नौकेवर ही चैन नाही. तिथे डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात, त्यातली एक शेपटीखालच्या हूकने पकडून थांबायचं असतं. नाक उचललं तर विमान तरंगत तारांच्या पुढे निघून जाईल. म्हणून ठरलेल्या कोनात सरळ येऊन आदळायचं, तेही लाटांवर वरखाली होणाऱ्या डेकवर. जमिनीवरच्या विमानाचा लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे दांडे) साधारण सेकंदाला 10 फूट उतरवेग धरून बनवतात, नौदलाच्या विमानाचा 20 फुटांहून जास्त. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते.

हा धक्का फक्त चाकं सोसत नाहीत. गिअर ज्या सांगाड्याला जोडलाय तोही भक्कम हवा. हूकची ओढ शेपटीकडून, कॅटापल्ट (उड्डाणावेळी विमानाला झटक्यात पुढे फेकणारं यंत्र) असेल तर त्याची पुढच्या चाकाच्या दांड्यावर. सगळीकडे धातू वाढतो. वजन वाढलं की उतरायचा वेग वाढतो, तो आवरायला पंख मोठे करावे लागतात, मोठे पंख डेकवर मावत नाहीत म्हणून ते दुमडायला बिजागऱ्या येतात, आणि बिजागऱ्यांचं पुन्हा वजन! अमेरिकेच्या एफ-35 लढाऊ विमानांच्या घराण्यात हे सरळ दिसतं: हवाई दलाच्या 'ए'चे पंख 460 चौरस फूट, नौदलाच्या 'सी'चे 668.

बरं, हूकसुद्धा सोपं नाही. याच 'सी'चं हूक 2011 च्या चाचण्यांत तार पकडेना. मुख्य चाकं आणि हूक यांत अंतर फार कमी होतं. चाकाखाली दबलेली तार पुन्हा वर उसळायच्या आत हूक तिच्यावरून निघून जायचं. टोकाचा आकार बदलावा लागला, हूक खाली दाबून धरणारी यंत्रणाही सुधारावी लागली. नोव्हेंबर 2014 मध्ये हे विमान नौकेवर उतरलं.

आपल्या तेजसच्या नौदल आवृत्तीचं दुखणं वेगळं. 11 जानेवारी 2020 ला ते विक्रमादित्य या नौकेवर तार पकडून उतरलं आणि दुसऱ्या दिवशी स्की-जंपवरून (डेकच्या पुढच्या टोकाच्या चढावरून) उडालंही, म्हणजे तंत्र जमलं. पण एका इंजिनाच्या जोरावर पुरेसं इंधन आणि शस्त्रं घेऊन डेकवरून उठायचं कसं? ते नौकेसाठी चालणार नाही, वजन जास्त आहे, असं भारतीय नौदलाने 2016 मध्येच सांगितलं होतं. शेवटी 2025 मध्ये 26 राफेल-एमचा, म्हणजे फ्रान्सच्या राफेलच्या नौदल आवृत्तीचा करार झाला. ही आवृत्ती मुळापासून आराखड्यात होती, हा फरक मला फार मोठा वाटतो.

उलटा प्रवास मात्र बराच सोपा. फँटम हे अमेरिकन नौदलासाठी बनलेलं विमान पुढे त्यांच्या हवाई दलानेही घेतलं. हूक आणि दुमडणारे पंख तसेच राहिले.