साल्हेर एका दिवसात होतो का, आणि कोणी मागे पडलं तर काय करायचं?

प्रश्न: नाशिकहून साल्हेर किल्ला एका दिवसात होईल का? आम्ही पाच मित्र आहोत, पहिलाच मोठा ट्रेक आहे. कोणी मागे पडलं तर काय करावं?

होतो. पहाटे चारला नाशिक सोडा, सटाणा-ताहाराबादवरून पायथ्याच्या वाघांबे गावात पोचायला तीन तास धरा. बाकी रस्ता मॅपवर दिसतोच. मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे.

आम्हीही पाचच होतो, सगळे पस्तिशीच्या पुढचे. ऑक्टोबर महिना. पहाटे निघायचं ठरलेलं, पण एका मित्राला मिसळ खाल्ल्याशिवाय नाशिक सोडायचं नव्हतं. वाघांब्यातून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीपर्यंतच्या चढावर सावली नावालाच, आणि ऑक्टोबरचं ऊन नाशिककरांना सांगायला नको. खिंडीत बारा वाजले. तिथेच माझ्या मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पाय चोळला, ती उठली. पुढच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे ती अक्षरशः हात टेकत चढली. गंगासागर तलावापाशी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. तिथून परशुरामाचं शिखर समोर दिसतं, वरचं छोटं देऊळसुद्धा. वीस मिनिटांचा चढ.

मी म्हटलं, आता फिरू. मिसळवाला मित्र म्हणाला, इतकं येऊन माथा सोडायचा? तिघं वर गेले. मी तिच्याजवळ थांबले. अर्ध्या तासात येतो म्हणाले, आले एका तासाने. कोरीव पायऱ्या उजेडात उतरलो हे नशीब. खिंडीखालची गवतातली वाट मोबाइलच्या उजेडात शोधत होतो आणि मैत्रीण बसून बसून, घसरत खाली येत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला अजून लागतं.

तेव्हापासून तो मित्र दर भेटीत म्हणतो, ‘तुम्हा दोघींचा साल्हेर राहिलाय.’ नाही राहिलेला. ज्या किल्ल्याखाली 1672 साली मराठ्यांची मोगलांशी उघड्या मैदानात लढाई झाली, मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे पडले, तो सगळा किल्ला आम्ही पायाखाली घातला. शेवटचे दोन-तीनशे फूट नाही चढलो म्हणून किल्ला झाला नाही, हा कुठला हिशोब? पाचजण निघालात की ट्रेक पाचांचा असतो. एकीला तलावाकाठी बसवून तिघांनी काढलेला फोटो हा त्या तिघांचा फोटो आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मागे पडणाऱ्याला सगळ्यात पुढे चालवा. त्याच्या चालीने बाकीचे चालतील. गोळा आला की बूट सैल करा, पाय ताणा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. दुखणं दुसऱ्यांदा आलं तर सगळ्यांनी परत फिरायचं.

एक मात्र कबूल करते. पुढच्या जानेवारीत आम्ही दोघीच गेलो, गावातल्या एका दादांना वाटाड्या म्हणून घेऊन. 1567 मीटरवर परशुरामाच्या पादुकांपाशी उभं राहिलं की मुल्हेर, मोरा, मांगी-तुंगी, पलीकडे गुजरातच्या बाजूचे डोंगर, सगळं एका नजरेत येतं. कळसूबाईनंतर राज्यातलं सर्वांत उंच शिखर हेच. त्या मित्राला तिथून हलवेना, हे तेव्हा समजलं. शिखर चुकवू नका. फक्त ते सकाळी दहा-अकराच्या आत गाठा.

पहिल्यांदा जाताय तर वाटाड्या घ्याच, पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं आणि वाट दिसत नाही. भर पावसात तर जाऊच नका, पायऱ्या निसरड्या असतात. माणशी तीन लिटर पाणी न्या. गुडघे आधीच दुखत असतील तर एका दिवसाचा हट्ट सोडा, आदल्या रात्री गावात मुक्काम करा; हे मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

आणि किती वाजता परत फिरायचं ते पाचही जणांकडून नाशिकमध्येच वदवून घ्या, गाडीत बसण्याआधी. गंगासागरपाशी, शिखर डोळ्यांसमोर असताना, कोणी कोणाचं ऐकत नाही.